नाचणी ११ टक्के: एका ‘हेल्थ फूड’ दुकानाचा तीन महिन्यांचा हिशेब

पुण्यात कोथरूडच्या बाजूला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, गेल्या वर्षी आरोग्यदायी खाद्यपदार्थांचे एक दुकान सुरू झाले. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या एका दुकानापुरते नाही. तोच माल, तशाच मांडणीत, डोंबिवलीत, नाशकात किंवा पणजीतही सापडेल. आत शिरताच भाजलेल्या तिळांचा वास येतो, लाकडी फळ्यांवर तपकिरी कागदाची पाकिटे ओळीने उभी असतात आणि गल्ल्यामागच्या काळ्या पाटीवर खडूने ‘नो मैदा, नो शुगर, नो टेन्शन’ असे लिहिलेले असते. त्या तीन ‘नो’पैकी पहिले दोन कितपत खरे आहेत हे तपासण्यात माझे तिसरे गेले.

यजमानांच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.२ आला. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानतात, म्हणजे उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण पाऊल उचललेले आहे. डॉक्टरांनी चहातली साखर आणि बेकरीचा माल बंद करायला सांगितला, तेव्हा चार वाजताच्या चहाबरोबर बशीत काय ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधत मी या दुकानात पोहोचले. तीन महिन्यांत तेथे ९,८४० रुपये खर्च झाले. सगळ्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. मी एकतीस वर्षे एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात काढली, त्यामुळे ताळेबंदापेक्षा त्याखालच्या टिपा आधी वाचायची खोड लागलेली आहे. खाण्याच्या पाकिटांच्या बाबतीत मात्र ही खोड पहिला दीड महिना गाढ झोपली होती, हे आधीच कबूल करते.

ती जागी झाली नाचणीच्या कुकीजमुळे. पाकिटावर नाचणीच्या कणसांचे सुरेख रेखाचित्र, त्याखाली ‘आजीच्या स्वयंपाकघरातून’ अशी ओळ, २०० ग्रॅमचे १४० रुपये. यजमानांना त्या इतक्या आवडल्या की मला शंका आली. नाचणीचे सत्त्व समोर ठेवले तरी ज्यांचे तोंड वाकडे होते, त्यांना नाचणी एकाएकी गोड कशी लागली? भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचली. आपल्याकडच्या नियमांनुसार घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जो सर्वांत जास्त तो सर्वांत आधी. यादी अशी होती: गव्हाचे पीठ, साखर, पाम तेल, आणि मग नाचणीचे पीठ, ११ टक्के. ते गव्हाचे पीठ म्हणजे मैदा की कणीक, याचा उलगडा एका अक्षरानेही केलेला नव्हता. १०० ग्रॅममागे साखर २४ ग्रॅम.

नाचणीची ख्याती आहे ती कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते आणि ती ख्याती खरीच आहे. आता हिशेब करू. एक कुकी साडेबारा ग्रॅमची. चहाबरोबर दोन खाल्ल्या तर पोटात पावणेतीन ग्रॅम नाचणी जाते आणि त्या नाचणीतून मिळणारे कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी १४० मिलिग्रॅम देते. म्हणजे एका भाकरीइतके नाचणीचे कॅल्शियम मिळवण्यासाठी एकोणतीस कुकीज खाव्या लागतील आणि त्यांच्याबरोबर ८७ ग्रॅम साखर पोटात जाईल. दुसरा हिशेब रुपयांचा आहे. याच दुकानात नाचणीचे सुटे पीठ ९० रुपये किलो मिळते. पाकिटात नाचणी आहे २२ ग्रॅम, म्हणजे दोन रुपयांची. उरलेल्या १३८ रुपयांत साखर, पाम तेल, भट्टी, वाहतूक, नफा आणि ती काल्पनिक आजी आली. कोकणातल्या ज्या खऱ्या आज्यांनी आयुष्यभर नाचणीची भाकरी थापली आणि आंबील ढवळली, त्यांना हे रेखाचित्र दाखवायला हवे.

यात खोटे असे एक अक्षरही छापलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच खरी मेख आहे. नाचणी आहे, तिचे प्रमाणही मागे दिलेले आहे. फक्त जो घटक ११ टक्के आहे तो पुढच्या बाजूवर शंभर टक्के जागा व्यापतो आणि जे घटक मिळून पदार्थाचे अंग बनवतात ते मागच्या बाजूला, भिंगाने वाचावे लागणाऱ्या अक्षरात राहतात. बँकेत याला आम्ही ‘सजवलेला ताळेबंद’ म्हणत असू. कायद्याने अडवता येत नाही आणि तपासणाऱ्याला झोपही लागत नाही.

मी पाकीट घेऊन गल्ल्याशी गेले. दुकानाचा मालक तिशीतला, अतिशय अदबशीर तरुण आहे. तो म्हणाला, “काकू, मग तुम्ही हे गुळाचे घ्या ना, यात साखर अजिबात नाही.” माझे माहेर करवीर तालुक्यातले आहे, गुऱ्हाळावर काहिलीतला रस आटताना पाहत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे गुळाबद्दल कोणी मला प्रेम शिकवायला नको. पण गूळ आणि साखर एकाच उसाच्या रसातून येतात आणि गुळाचाही मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. त्यात थोडी खनिजे राहतात, चव तर साखरेपेक्षा कितीतरी सरस असते, आणि तरीही ज्याची रक्तातली साखर मोजली जात आहे त्याच्यासाठी चमचाभर गूळ हा जवळजवळ चमचाभर साखरच आहे. मधाचेही तेच, त्यातही साधारण चार पंचमांश साखराच असतात. जागतिक आरोग्य संघटना आपल्या साखरेच्या मर्यादेत मधातली आणि फळांच्या रसातली साखरही धरते, ते उगीच नव्हे. मालकाने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “पण काकू, गिऱ्हाईक गूळ लिहिलेलेच मागते.” यावर मजकडे उत्तर नव्हते.

ग्रॅनोलाने, म्हणजे ओट्सच्या भाजलेल्या गोड मिश्रणाने, मला अधिक शिकवले. हा पदार्थ मी स्वतःसाठी आणला होता, सकाळच्या पोह्यांना पर्याय म्हणून. ४०० ग्रॅमचे ४२५ रुपये. यादीत पहिला मान ओट्सचा, ३८ टक्के, हे चांगलेच. त्यानंतर मात्र साखर, मध, गूळ पावडर आणि माल्टचा अर्क अशी चार नावे अधूनमधून विखुरलेली होती. ही विखुरण्याची युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. चारही गोड पदार्थ एकाच नावाखाली आले असते तर कदाचित ते ओट्सच्या लगोलग खाली जाऊन बसले असते. वेगवेगळ्या नावांनी लिहिल्यामुळे प्रत्येकजण आपापल्या छोट्या वजनानिशी यादीत खाली सरकतो आणि वाचणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. एकच कर्ज चार नातेवाइकांच्या नावांवर घ्यावे, त्यातलाच हा प्रकार.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘एका वाढपात’ जोडलेली (म्हणजे वरून घातलेली) साखर ६ ग्रॅम, म्हणजे दैनंदिन मर्यादेच्या १२ टक्के, असे लिहिले होते. वाढप ३० ग्रॅमचे. मी नेहमीच्या वाडग्यात नेहमीसारखा ग्रॅनोला ओतला आणि वाडगा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला: वाडग्याचे वजन वजा जाता ७५ ग्रॅम. मग ३० ग्रॅम मोजून पाहिला, तर तो वाडग्याच्या तळाला चिकटून बसला; एवढ्यावर दुपारपर्यंत काढायचे म्हटले तर उपास मांडावा लागेल. माझ्या वाडग्यात जोडलेली साखर १५ ग्रॅम जात होती. आणखी एक गोष्ट: ही टक्केवारी काढताना आपल्याकडे दिवसाला ५० ग्रॅम जोडलेली साखर हा आधार धरतात, जो दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या दहा टक्क्यांइतका होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दहा टक्क्यांच्या आत राहावे, आणि पाच टक्क्यांच्या आत म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत राहिल्यास अधिक बरे, असे सांगितले. त्या दुसऱ्या मापाने पाहिले तर माझ्या न्याहारीच्या एका वाडग्यातच दिवसाचा साठ टक्के कोटा संपत होता. कांदेपोह्यांत मी चिमूटभर साखर घालते आणि त्याबद्दल इतकी वर्षे उगाच मनाला लावून घेत होते.

खजुराच्या बारबद्दल मात्र माझे मत बरे आहे. ‘साखर घातलेली नाही’ हा त्यावरचा दावा खरा होता. आत खजूर, बदाम, जवस एवढेच. पण खजूर स्वतःच निम्म्याहून जास्त साखर असतो, त्यामुळे ४० ग्रॅमच्या एका बारमध्ये एकूण साखर १६ ग्रॅम निघाली. ‘साखर घातलेली नाही’ आणि ‘साखर नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे आणि नियमही तो फरक मानतात: ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ट्रेकला जाणाऱ्या भाच्याने तो बार खावा. चालणे कमी झालेल्या गृहस्थाने चहाबरोबर रोज खाऊ नये.

खऱ्याखुऱ्या ‘शुगर फ्री’ कुकीज याच दुकानात मिळतात आणि त्यांनी आमच्याकडे एक छोटासा गोंधळ उडवला. साखर नाही म्हटल्यावर यजमानांना रान मोकळे मिळाले. क्रिकेटचा सामना पाहता पाहता त्यांनी एका बैठकीत आठ कुकीज संपवल्या आणि रात्री पोट फुगून, कळा येऊन, दोन-तीनदा उठून बेजार झाले. शिळे काही खाल्ले का, याचा तपास रात्री अकराला झाला. सकाळी मी पाकीट उलटे केले. गोडी माल्टिटॉलची होती, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या पॉलिऑल गटातल्या एका गोड पदार्थाची, आणि तळाशी इशारा होता की पॉलिऑलमुळे रेचक परिणाम होऊ शकतो. माल्टिटॉल लहान आतड्यात पुरते शोषले जात नाही. उरलेले मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढते आणि तेथल्या जिवाणूंकडून आंबते. शिवाय ते साखरेइतके नसले तरी रक्तातली साखर थोडीफार वाढवतेच, आणि कुकीतले पीठ तर आपले काम करतेच करते. पीठ, तूप-तेल आणि कॅलरी जागच्या जागी ठेवून फक्त साखर काढून घेतली, तर उरते ते बिस्किटच. इशारा छापलेला होता, त्यामुळे दोष आमच्याकडे अर्धा येतो. उरलेला अर्धा त्या अक्षरांच्या आकाराकडे.

आता तुपाविषयी. दुकानात सर्वांत उंच फळीवर, जणू देवघरात, ए२ तूप ठेवलेले आहे. अर्ध्या लिटरची काचेची बरणी १,२५० रुपये. ए१ आणि ए२ हे बीटा-केसिन या दुधातल्या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत आणि देशी गाईंच्या दुधात बहुधा ए२ असते, इथवर सगळे ठीक. परंतु तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ. लोणी कढवताना जी बेरी खाली बसते, तिच्यातच प्रथिन जाते आणि ती आपण गाळून टाकतो किंवा साखर घालून मुलांना देतो. ज्या पदार्थात प्रथिन नावालाही उरलेले नाही, तो त्या प्रथिनाच्या प्रकाराच्या नावाने अडीच-तीन पट किमतीला विकणे, हे माझ्या मते या दुकानातले सर्वांत धाडसाचे काम आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये दूध व दुधाच्या पदार्थांवरचे ए१-ए२ दावे काढून टाकायला सांगितले होते, आणि आठवड्याच्या आत ते परिपत्रक मागेही घेतले. बरणी फळीवरच आहे. तुपाचा वास उत्तम होता, रवा सुंदर होता. चवीसाठी कोणी घेत असेल तर माझी हरकत नाही. आरोग्यासाठी घेत असेल तर त्याने आधी बेरी मागावी.

सैंधवाचीही एक गोष्ट नोंदवायला हवी. गुलाबी खड्यांचे मीठ ‘कमी सोडियम’चे असते असा सर्वसाधारण समज आहे आणि दुकानातली पाटी तो खोडून काढत नाही. सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे. चमचाभर मिठात जो थोडा फरक पडतो तो खड्यांच्या आकारामुळे. त्यात बहुतेक वेळा आयोडीन मात्र घातलेले नसते, आणि आयोडीनयुक्त मीठ आपल्या घराघरांत आणण्यामागे गलगंडाचा जो इतिहास आहे तो विसरता येत नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर रोजचे मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मी ते चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीपुरते ठेवले आहे. (साबुदाण्याबद्दल बोलायला लागले तर हे परीक्षण संपणार नाही.)

मल्टिग्रेन ब्रेडवर फार शब्द खर्च करत नाही. मल्टिग्रेन याचा अर्थ अनेक धान्ये एवढाच. ती किती आणि सालासकट की सालाविना, हे त्या शब्दातून कळत नाही. या लादीत पहिला घटक मैदा होता आणि तपकिरी रंगाची सोय कॅरमेल रंगाने केली होती. पाटीवरचा पहिला ‘नो’ येथे निकालात निघाला.

पेयांच्या फ्रिजपाशी आणि त्याशेजारच्या लहान मुलांच्या डब्यांपाशी गोष्टी अधिक गंभीर होतात, कारण तेथे खाणारा स्वतः निवड करत नाही. दुधात घालायच्या माल्टयुक्त पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणायची आपल्याला पिढ्यांची सवय आहे, परंतु २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास कळवले, ते याच कारणाने. या दुकानात तो शब्द नाही. त्याऐवजी ‘ग्रोथ मिलेट मिक्स’ आहे आणि त्यात साखर दुसऱ्या क्रमांकावर आहे. फळांच्या रसांचे तसेच. आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या पेयांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढावा, असे प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये सांगितले. माझ्या हातात आलेल्या खोक्यावर आता ‘फळांचा निखळ आनंद’ असे लिहिलेले आहे.

जुलाबाच्या वेळी द्यायच्या क्षारसंजीवनीचे, म्हणजे ‘ओआरएस’चे, तर नावच गोड पेयांनी उचलले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक मापाचे क्षार लागतात. हे प्रमाण बिघडून साखर वाढली तर जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. तरीही मोठ्या माणसांच्या मनातून नाव इतक्या लवकर जात नाही. आमच्या शेजारच्या सूनबाई गेल्या महिन्यात तापातून उठलेल्या नातवासाठी याच फ्रिजमधून संत्र्याच्या चवीचे ‘हायड्रेशन’ पेय घेऊन निघाल्या होत्या. मी त्यांना समोरच्या औषधांच्या दुकानातून साध्या पुड्या घ्यायला लावल्या. नातवाला चव आवडली नाही, हे ओघाने आलेच.

दुकानाची दुसरी बाजूही आहे आणि ती मी हातचे राखून सांगत नाही. मागच्या भिंतीला सुट्या मालाचे दहा-बारा पत्र्याचे डबे आहेत: हातसडीचा इंद्रायणी, नाचणी, वरी, ज्वारीचे पीठ, सातूचे पीठ, जवस, कारळे, फुटाणे, भाजके शेंगदाणे. हा माल ताजा असतो, निवडलेला असतो, तराजूवर समोर तोलून मिळतो, आणि दर मंडईपेक्षा आठ-दहा टक्केच जास्त आहेत. कारळ्याची चटणी तेथली एक बाई घरी कुटून आणते. तिच्यावर लेबल नाही, चित्र नाही, दावाही नाही, आणि गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या वस्तूंत ती मला सर्वांत पसंत पडली. घाण्याचे शेंगदाणा तेलही चांगले आहे, फक्त ते घाण्याचे आहे म्हणून सढळ हाताने ओतू नये. चमचाभर तेलाच्या कॅलरी घाण्यातून आले काय की कारखान्यातून आले काय, तेवढ्याच. गंमत अशी की या भिंतीजवळ दिवाही नीट लागत नाही, सगळा प्रकाश पाकिटांवर.

सेवा चांगली आहे. वापरलेली बरणी परत नेली तर वीस रुपये वजा होतात, फोडलेले पाकीटसुद्धा मालकाने एकदा विनातक्रार परत घेतले, आणि गेल्या आठवड्यात गेले तेव्हा पाटीवरचे ‘नो मैदा’ पुसलेले दिसले. ते माझ्यामुळे की रोजच्या झाडपुशीमुळे, हे विचारले नाही. मागच्या भिंतीला मी पाचपैकी साडेचार देते, पुढच्या फळ्यांना दीड. चार वाजता बशीत आता फुटाणे आणि शेंगदाणे असतात. यजमान त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात ते पाहता हा प्रयोग किती टिकेल ते सांगवत नाही. पुढची तपासणी पौषात आहे.

जाणाऱ्यांसाठी सूचना: दुकान सोमवारी बंद असते, दुपारी एक ते चार तर विचारूच नका, आणि पिशवी घरून न्यावी. त्यांच्या कागदी पिशवीचे दहा रुपये पडतात आणि तिच्यावरही ‘हेल्दी चॉइस’ असे छापलेले आहे.